कोपऱ्यात शिरताना मान किती वेळा वळते?

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही मूळचे कराडजवळचे, गेली सोळा वर्षं कॅनडातल्या मिसिसॉगात. मुलगा चौदा वर्षांचा आहे. ट्रिपल ए ला, म्हणजे मुलांच्या वरच्या गटात, आइस हॉकी खेळतो, डिफेन्सला. उंची ५ फूट ४ इंच, वजन ५१ किलो. त्याच्याच टीममधली दोन मुलं आत्ताच सहा फुटांवर गेलीत. चेकिंग, म्हणजे अंगाने धडकून अडवणं, सुरू झाल्यापासून मी अर्धा सामना डोळे मिटून बघतो. सीझन संपल्यावर कोच म्हणाला, "पोरगा हुशार आहे, पण डिफेन्सला राहायचं तर साइज लागते. विंगवर हलवायचं बघा." म्हणजे कडेने आक्रमण करणाऱ्याच्या जागी. त्या दिवसापासून मुलगा दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खुणा करतोय. माझी उंची ५ फूट ५, बायकोची ५ फूट १, तेव्हा दोष कोणाचा हे वेगळं सांगायला नको. आजोबा कराडहून व्हिडिओ कॉलवर म्हणतात, "क्रिकेटला घाला, सचिन कुठे उंच होता?" मी स्वतः तरुणपणी तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळलोय, त्यामुळे अंगावर येणारा माणूस म्हणजे काय हे मला कळतं. सरळ सांगा, कमी उंचीचा डिफेन्समन प्रोफेशनल होऊ शकतो का? की आम्ही पोराला खोटी आशा लावतोय?

– एक बाबा, मिसिसॉगा

दादा, नमस्कार.

सरळ विचारलंत, तर सरळच सांगते. होऊ शकतो. आत्ता या घडीला एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, असे डिफेन्समन आहेत, आणि त्यांना कोणी दया म्हणून ठेवलेलं नाही. पण लगेच पेढे आणू नका. एनएचएलमध्ये ३२ संघ, सामन्याला प्रत्येकाचे साधारण सहा डिफेन्समन. म्हणजे सगळ्या जगातून १९२ जागा. त्या जागांसाठी सहा फुटी पोरांचीही भलीमोठी रांग आहे आणि त्यातले बहुतेक जण हात हलवत घरी येतात. तेव्हा "माझा मुलगा एनएचएलला पोचेल का" याचं उत्तर उंची कितीही असली तरी "बहुधा नाही" हेच. हा हिशेब जागांचा झाला, त्यात उंची अजून आलेलीच नाही. तो एकदा मान्य केला की उंचीबद्दल शांतपणे बोलता येतं.

मला यातलं काय कळतं, हेही सांगून टाकते. माझा थोरला सात वर्षांचा असल्यापासून एकोणीस वर्षांचा होईपर्यंत ओंटारियोत डिफेन्सला खेळला. भरली उंची ५ फूट ८. पहाटे साडेपाचच्या बर्फासाठी त्याला उठवण्यात माझी बारा वर्षं गेली. त्याची गोष्ट पुढे येईल. ती यशोगाथा नाही, म्हणूनच तुमच्या कामाची आहे.

तुमच्या मुलाने लेन हटसन पाहिला नसेल असं होणारच नाही. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, मॉन्ट्रियलने पहिल्या क्रमांकावर युराय स्लाफ्कोव्स्की घेतला, सव्वासहा फुटांचा फॉरवर्ड. त्याच संघाने त्याच ड्राफ्टमध्ये ६२ व्या क्रमांकावर डिफेन्समन हटसनला घेतलं. यादीत त्याची उंची ५ फूट ९ लिहिलेली असते, आणि संघांच्या याद्या उंची लिहिताना हात जरा सैल सोडतात हे रिंकवर सगळ्यांना माहीत आहे. ड्राफ्टच्या आधी या पोराने संघांना डॉक्टरांचं पत्र दाखवलं होतं, की माझी हाडं अजून वाढायची आहेत, मी अजून उंच होणार. दाराच्या चौकटीवर खुणा करणारा तुमचा मुलगा एकटा नाही, एवढंच सांगायचंय. पुढे २०२४-२५ च्या आपल्या पहिल्या पूर्ण सीझनमध्ये हटसनने ६ गोल आणि ६० असिस्ट (गोल होण्याआधीचे पास) केले. नवख्या डिफेन्समनच्या असिस्टचा लॅरी मर्फीचा १९८०-८१ चा विक्रम त्याने गाठला आणि सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी घेऊन गेला. त्याचा कोच मार्टिन सेंट लुईस स्वतः ५ फूट ८, कोणीही ड्राफ्ट न केलेला आणि आता हॉल ऑफ फेममध्ये बसलेला. तो फॉरवर्ड होता खरा, पण त्या बेंचवर बसून "साइज लागते" असं म्हणायची हिंमत कोणाची होईल?

तरीही हटसन तुमच्या मुलासमोर ठेवू नका, असं मी म्हणेन. तसं खेळणं शिकवता येत नाही. क्विन ह्यूजही नको. ५ फूट १० चा, २०२४ ची सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी, एका सीझनमध्ये गोल-असिस्ट मिळून ९२ पॉइंट्स. ही माणसं वेगळ्या मातीची.

त्याला जॅरेड स्पर्जनचे सामने दाखवा. ५ फूट ९. २००८ मध्ये आयलंडर्सनी त्याला सहाव्या फेरीत, १५६ व्या क्रमांकावर घेतलं आणि नंतर करारच केला नाही. २०१० मध्ये तो मिनेसोटाच्या कॅम्पला नुसता ट्रायआउट म्हणून गेला आणि तिथेच राहिला. २०२१ मध्ये त्या संघाचा कॅप्टन झाला. त्याच्या हायलाइट्सची रील बघाल तर कंटाळा येईल, कारण तो जे करतो ते कॅमेऱ्यात नीट दिसत नाही. समोरच्याच्या स्टिकवर पक (खेळातली रबरी चकती) येतो त्याच क्षणी स्पर्जनची स्टिक तिथे आलेली असते. पेनल्टी जवळजवळ नाही. सभ्य खेळासाठी लेडी बिंग ट्रॉफी असते, तिच्या शेवटच्या तिघांत तो २०२१ ला होता. विचार करा, सगळ्यांत लहान डिफेन्समन, ज्याने जीव वाचवायला समोरच्याला धरायला-ओढायला हवं, तोच सगळ्यांत कमी धरतो. तो आधीच योग्य जागी असतो, त्यामुळे धरायची वेळच येत नाही.

दुसरा ब्रायन रफाल्स्की. ५ फूट १०, कोणीच ड्राफ्ट केला नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातून बाहेर पडला आणि चार वर्षं स्वीडन-फिनलंडमध्ये खेळला. १९९९ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, न्यू जर्सीने बोलावलं. पहिल्याच सीझनला स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, एकूण तीन, आणि २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये सर्वोत्तम डिफेन्समन. सव्विसाव्या वर्षी! आणि आपण चौदाव्या वर्षी पोराचा निकाल लावून मोकळे होतो.

टोरी क्रुगही आहे. ५ फूट ९, त्यालाही ड्राफ्ट नाही. मिशिगन स्टेटमधून बॉस्टनने उचलला. २०१३ च्या प्लेऑफमध्ये जखमींची जागा भरायला आणला, तर रेंजर्सविरुद्धच्या पाच सामन्यांत चार गोल करून बसला. त्याच संघात ६ फूट ९ चा झ्देनो चारा होता, ज्याला नेहमीच्या मर्यादेपेक्षा दोन इंच जास्त, ६५ इंची स्टिक वापरायची खास परवानगी होती. दोघांचं काम एकच. दोघं शेजारी उभे राहिले की बाबा मुलाला शाळेत सोडायला आलेत असं वाटायचं.

आता हे सगळं शक्य का झालं, ते समजून घ्या, कारण त्यातच तुमच्या मुलाचं काम दडलंय. २००४-०५ चा अख्खा सीझन लॉकआउटमुळे रद्द झाला आणि २००५ ला एनएचएल परतली ती नियम बदलून. त्याआधी धरणं, अडकवणं, स्टिकने ओढणं सर्रास चालायचं. आता पंचांनी त्यावर शिट्ट्या मारायला सुरुवात केली. मधल्या लाल रेषेपलीकडे लांब पास देता येऊ लागला. लोक म्हणतात, यामुळे लहान, चपळ खेळाडूंचे दिवस आले. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की पूर्वी तुमच्या कोपऱ्यात पक आला की जोडीदार समोरून धावत येणाऱ्याला दोन सेकंद अंगाने अडवून धरायचा आणि तुम्ही आरामात पक उचलायचात. आता तसं अडवलं की पेनल्टी. शिवाय गोलीने नेटमागच्या ठरावीक पट्ट्याबाहेर, कोपऱ्यात जाऊन पक खेळायचा नाही, हाही नियम तेव्हाच आला. म्हणजे कोपऱ्यातलं सगळं ओझं डिफेन्समनच्या डोक्यावर, आणि मागून येणारा मोकाट. त्या नियमांनी लहान डिफेन्समनला दार उघडून दिलं आणि उंबरठ्यावर त्याचीच सगळ्यांत कडक परीक्षाही ठेवली.

ती परीक्षा कशी असते, ते जवळून बघा. समोरच्यांनी पक तुमच्या झोनमध्ये फेकलाय. तो रिंकभोवतीच्या काचेवर आपटून कोपऱ्यात घरंगळतोय. तुमचा मुलगा पाठ फिरवून त्याच्यामागे निघालाय आणि त्याच्यामागे ८० किलोचं पोर सुटलंय. पकपर्यंत पोचायला तीन सेकंद. या तीन सेकंदांत जो डिफेन्समन फक्त पककडे बघतो, तो मार खातो, मग तो पाच फुटांचा असो की साडेसहा. जो जाणतो, तो निघताना एकदा खांद्यावरून मागे बघतो, आणि पकला स्टिक लावायच्या जरा आधी पुन्हा एकदा. पहिल्या नजरेत कळतं किती जण येताहेत. दुसऱ्या नजरेत कळतं, येणारा कुठल्या खांद्यावर येतोय. मग छाती एकीकडे वळवायची आणि जायचं दुसरीकडे. जोडीदार ओरडत असतोच: "व्हील!" म्हणजे नेटला वळसा घालून पळ, "रिव्हर्स!" म्हणजे आलास तिकडेच मागे टाक, "ओव्हर!" म्हणजे मला दे, "अप!" म्हणजे रिंकच्या कडेच्या बोर्डालगत विंगरला. हे सगळं जमलं तर ८० किलोचं ते पोर काचेला मिठी मारतं आणि पक गेलेला असतो.

इथे उंचीचा हिशेब मांडा. अंगावर कोणी आलाच नाही, तर अंग किती मोठं आहे याला काय अर्थ? आणि आलाच, तर मग मात्र अर्थ आहे, खोटं कशाला बोलू.

नेटसमोरची गोष्ट जरा वेगळी. तिथे समोरचा धटिंगण गोलीपुढे ठाण मांडून उभा राहतो, आणि त्याला ढकलून काढणं ५१ किलोच्या पोराला जमणार नाही. ५ फूट ९ च्या मोठ्या माणसालाही नेहमी जमत नाही. माणूस हलत नसेल तर त्याची स्टिक हलवायची. पास यायच्या बरोब्बर क्षणी त्याची स्टिक खालून उचलायची, आधी नाही, नंतर नाही. आणि तो ठाण मांडण्याआधीच त्या जागी आपण उभं राहायचं. तुम्ही कबड्डी खेळलात म्हणता. मग मी सांगायची गरजच नाही. कोपरारक्षक चढाईपटूला वजनाने थोडाच अडवतो? चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो, तो पाय पडायच्या क्षणी घोटा धरतो. क्षणभर आधी हात टाकला तर स्वतः बाद. तुमच्या पिढीतले उत्तम कोपरारक्षक किती उंच होते, आठवून बघा. पोराला हॉकी समजावताना तुम्ही स्वतःला अडाणी समजत असाल तर चूक करताय.

विंगवर हलवायचं का? कोचच्या हेतूवर मी संशय घेत नाही, पण "विंगवर अंगाला कमी लागतं" ही कल्पना मला कधी पटलेली नाही. आपल्या झोनमधून पक बाहेर काढताना विंगर बोर्डाला चिकटून, अर्धी पाठ मैदानाकडे करून पासची वाट बघत उभा असतो. आणि समोरचा डिफेन्समन निळ्या रेषेवरून थेट त्याच्यावर धावून येतो. म्हणजे इथेही कोणीतरी मोठा, आणि तोही पूर्ण वेगात. डिफेन्सला निदान बराच वेळ तोंड खेळाकडे असतं, येणारा दिसतो. हो, लहान फॉरवर्ड एनएचएलमध्ये लहान डिफेन्समनपेक्षा जास्त आहेत, हे खरं. पण त्यांच्याकडे गोल करायचा हात असतो. तुमच्या मुलाचा खेळ पाहून त्याला गोल करायची भूक आहे असं कोच म्हणाला असता, तर मी म्हटलं असतं हलवा. तो फक्त साइज म्हणाला. त्याला जाऊन एकच प्रश्न विचारा: "साइज सोडून, डिफेन्समन म्हणून याच्यात काय कमी आहे?" उत्तर मिळालं तर वही काढून लिहून घ्या. उत्तर मिळालं नाही, तर या कोचने मुलाकडे नीट पाहिलेलंच नाही असं समजा.

हा प्रश्न मी विचारला नाही. म्हणून आता माझ्या थोरल्याची गोष्ट.

तो तेरा वर्षांचा असल्यापासून एकामागून एक कोच हेच म्हणत गेले. चांगला आहे, पण लहान आहे. मी आई. मी काय केलं? दारात लोंबकळायचा बार लावला. सकाळी चार अंडी. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला च्यवनप्राश आणायला सांगितला, एकदा तर कस्टम्सवाल्याने बरणी उघडून वास घेतला. बारला लोंबकळून पोराच्या हाताला घट्टे पडले, उंची काही वाढली नाही. सामन्यात तो डाव्या कोपऱ्यात सारखा मार खायचा, आणि प्रत्येक वेळी मी शेजारच्या आईला म्हणायचे, "बघ ना, केवढी मोठी मुलं आहेत ती."

सतरा वर्षांचा असताना एका उन्हाळी शिबिरात पॉवर स्केटिंग शिकवणाऱ्या एक बाई होत्या. साठीच्या असतील, फिगर स्केटिंगमधून आलेल्या. दहा मिनिटं बघितलं आणि मला काचेजवळ बोलावून म्हणाल्या, "हा नेहमी उजव्या खांद्यावरूनच वळतो. डावीकडे वळायचं असलं की एक पाऊल जास्त टाकतो." बस्स. एक पाऊल. हे आमच्या लीगमधल्या प्रत्येक प्रतिस्पर्धी कोचला माहीत असणार, कारण ते पक मुद्दाम त्याच कोपऱ्यात टाकायचे, जिथे त्याला डावीकडे वळावं लागेल. मी तीन वर्षं त्या कोपऱ्यातले फटके मोजले. वळणं मोजली नाहीत.

सतराव्या वर्षी ती सवय अर्धीच सुटली. दोन वर्षं ज्युनिअर खेळला, मग विद्यापीठात मजेसाठी. आता तिशीचा आहे, बरं चाललंय त्याचं. मागे एकदा गाडीत मी विषय काढला, तर म्हणाला, "आई, उंची कमी म्हटलं की माझी चूकच नसायची. बरं वाटायचं." एवढं बोलून त्याने रेडिओ लावला.

दादा, तुमच्या पत्रातलं "दोष कोणाचा हे सांगायला नको" हे वाक्य मी दोनदा वाचलं. ते घरात मोठ्याने बोलत असाल तर आजपासून बंद करा. तुम्हाला वाटतं तुम्ही दोष स्वतःवर घेताय. पोराच्या कानात मात्र "माझं काही होऊ शकत नाही, हे रक्तातच आहे" असं पोचतं. चौदा वर्षांचा मुलगा अजून वाढणार आहे. किती, ते त्याचे डॉक्टर तपासून अंदाजाने सांगतील. चौकटीवरच्या खुणा पुसू नका, पण दर रविवारी मोजूही नका. आणि इंटरनेटवर उंची वाढवायची पावडर विकणाऱ्यांना एक डॉलरही देऊ नका. ते पैसे पॉवर स्केटिंगला.

लागण्याची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. २०१९ च्या स्टॅन्ली कप फायनलमध्ये बॉस्टनचा मॅट ग्रझेल्सिक, ५ फूट ९, दुसऱ्या सामन्यात काचेवर आदळला आणि थेट सातव्या सामन्यातच परतला. मारणाऱ्यावर एका सामन्याची बंदी आली, पण म्हणून ग्रझेल्सिकचं डोकं लवकर बरं झालं नाही. कोलोरॅडोने २०२२ ला कप जिंकला तेव्हा त्यांचा ५ फूट १० चा सॅम्युअल जिरार्ड छातीचं हाड मोडून आधीच बाहेर बसला होता. मोठ्यांनाही लागतं. पण समान धडकेत हलक्या माणसाला जास्त लागतं, हे शाळेतलं भौतिकशास्त्र आहे. म्हणून नितंब, मांड्या आणि पाठ यांची ताकद, देखरेखीखाली. बोर्डापासून तीन-चार फुटांवर कधीच थबकायचं नाही: एक तर बोर्डाला चिकटून राहायचं नाहीतर लांब. मधल्या जागेत मार बसला की डोकं आधी आपटतं. डोक्याला लागल्याची शंका जरी आली तरी त्या दिवशी खेळ संपला. ओंटारियोत डोक्याच्या दुखापतीबद्दलचा २०१८ चा कायदा, रोवन्स लॉ, आहेच. त्यावर सही करताना पालक वाचत नाहीत, तुम्ही वाचा.

आणि अजून एक कटू गोष्ट, कारण तुम्ही सरळ सांगा म्हणालात. संघ अजूनही मोठ्या डिफेन्समनच्या प्रेमात आहेत. २०२३ ला वेगासने कप जिंकला तो जवळजवळ सगळ्या सहा फुटांवरच्या, त्यातला एक तर साडेसहा फुटांचा, अशा डिफेन्सच्या जोरावर, आणि ते बघून बाकीच्यांनी काय शिकायचं ते शिकून घेतलं. सहा फूट तीनच्या पोराने पक घालवला की स्काउट (संघासाठी खेळाडू हेरणारा) म्हणतो, "शिकेल." तुमच्या मुलाने घालवला की म्हणतो, "लहान आहे ना." उंचाला साधारण असून चालतं. लहान आणि साधारण, दोन्ही असून चालत नाही. त्याच्याकडे एखादी गोष्ट अशी लागेल जी त्या रिंकवरच्या कोणापेक्षाही उजवी आहे. पहिला पास असेल, पाय असतील, स्पर्जनसारखी स्टिक असेल. कुठली, ते अजून ठरायचंय, आणि ते ठरवायला दोन-तीन वर्षं हातात आहेत.

हातात आहेत म्हणते, कारण पुढच्या वर्षी ओएचएल, म्हणजे ओंटारियोच्या ज्युनिअर लीगच्या, ड्राफ्टच्या नावाने तुमच्या रिंकवर सगळे पालक वेडे होतील. होऊ द्या. वर नावं घेतलेल्यांपैकी हटसन, ह्यूज, क्रुग, रफाल्स्की, ग्रझेल्सिक, सगळे अमेरिकन कॉलेज हॉकीतून आले. केल मकार, जो फार लहान नाही पण सहा फुटांच्या आतलाच, तो आल्बर्टातल्या ज्युनिअर ए मधून आणि मग मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातून. कॉलेजात बावीस-तेवीसपर्यंत शरीर भरायला वेळ मिळतो. पूर्वी ओएचएल खेळलं की कॉलेजचं दार बंद व्हायचं, ऑगस्ट २०२५ पासून तेही उघडलंय. तेव्हा शाळेचे गुण सांभाळा, हा सल्ला मी मराठी आई म्हणून देत नाहीये, हॉकीचा म्हणून देतेय. (बरं, थोडा मराठी आई म्हणूनही.) आणि प्रोफेशनल म्हणजे फक्त एनएचएल नव्हे. स्वीडन, फिनलंड, जर्मनी, स्वित्झर्लंडमध्ये पगार घेऊन खेळणारे आहेत, आणि तिकडच्या अनेक रिंक आपल्या २६ मीटरपेक्षा रुंद, काही ३० मीटरपर्यंत. पळायला जागा जास्त.

आजोबांना माझा नमस्कार सांगा. सचिनचं उदाहरण मलाही आवडतं, पण क्रिकेटमध्ये चेंडू येतो, चेंडूमागून गोलंदाज अंगावर येत नाही. "मूर्ती लहान पण कीर्ती महान" हे वाढदिवसाच्या फलकावर ठीक आहे, कोपऱ्यात त्याचा उपयोग नाही.

तुम्हाला मात्र एक काम देते. पुढच्या सामन्याला डोळे मिटायचे नाहीत. नेहमीच्या बाकावरही बसू नका, नेटमागच्या काचेजवळ उभे राहा, एक कागद घेऊन. पकाकडे बघू नका. तुमचा मुलगा पाठ फिरवून कोपऱ्याकडे निघाला की त्याची मान बघा. पकला हात लावण्याआधी किती वेळा मागे वळली, लिहा. मग कुठल्या खांद्यावरून वळला, तेही लिहा. उजव्या कोपऱ्याचं वेगळं, डाव्याचं वेगळं. तीन सामन्यांचे आकडे झाले की मला पाठवा, मग विंगचं बोलू.